वरच्या दुधाची बाटली आणि सिंहस्थाचे पाणी

२०२८च्या उन्हाळ्यात उज्जैन येथे क्षिप्रेच्या काठी सिंहस्थ भरणार आहे. त्याआधी, २०२७ मध्ये, नाशिक-त्र्यंबकेश्वराचा कुंभ आहे. दोन्ही ठिकाणी गोव्यातून भाविक मोठ्या संख्येने जातात आणि त्यांत तान्ही बाळे घेऊन जाणारी कुटुंबेही असतात. अशा मेळ्यांच्या तयारीत घाटांची लांबी, रस्त्यांची रुंदी, वाहनतळ आणि पोलीस बंदोबस्त यांची चर्चा होते. तान्ह्या बाळाच्या दुधाची चर्चा क्वचितच होते. हा प्रश्न आईचा किंवा फार तर आजीचा, असे आपण गृहीत धरतो. उज्जैनपासून सुमारे ५५ किलोमीटरवर असलेल्या इंदूरने या गृहीतकाची किंमत दाखवून दिली आहे.

डिसेंबर २०२५च्या अखेरीस इंदूरच्या भागीरथपुरा भागात पिण्याच्या पाण्याच्या वाहिनीत सांडपाणी मिसळले. शेकडो लोक आजारी पडले आणि अनेकांचा मृत्यू झाला. स्वच्छ सर्वेक्षणात सलग आठ वेळा देशात पहिल्या आलेल्या शहरातील ही घटना. मृतांमध्ये काही महिन्यांचे एक बाळही होते. आईचे दूध पुरेसे येत नसल्याने त्याला नळाचे पाणी मिसळून वरचे दूध दिले जात होते, असे तेव्हाच्या बातम्यांतून समोर आले. त्या घराने काही जगावेगळे केले नव्हते. देशातील लाखो घरांत रोज असेच दूध तयार होते. दोष होता तो पाण्यात आणि ते पाणी पोहोचवणाऱ्या व्यवस्थेत.

अंगावर पिणाऱ्या बाळाला बाटली लावणे हा वरवर साधा निर्णय असतो. त्यामागचे शरीरशास्त्र मात्र साधे नाही. आईच्या दुधाची निर्मिती मागणीवर चालते. बाळ जितके ओढते, तितके दूध तयार होते. पोटात डब्याचे दूध गेले की बाळ कमी ओढते, त्यामुळे दूध कमी उतरते, मग ‘दूध पुरत नाही’ ही शंका खरी ठरते आणि दुसरी बाटली येते. एका बाटलीने सुरू झालेली ही साखळी काही आठवड्यांत अंगावरचे पाजणे संपवू शकते. शिवाय बाटलीच्या बोंडातून दूध सहज येते. त्या सवयीनंतर काही बाळे स्तनाला नीट लागत नाहीत.

बहुतेक घरांत ही शंका बाळाच्या रडण्यावरून येते. पण रडणे हे भुकेचे एकमेव लक्षण नव्हे. बाळाचे वजन नियमित वाढत असेल आणि पहिल्या आठवड्यानंतर ते दिवसातून सहा किंवा अधिक वेळा लघवी करत असेल, तर दूध पुरते आहे असे डॉक्टर मानतात. ही दोन साधी मोजमापे प्रत्येक बाळंतिणीला रुग्णालयातून घरी पाठवताना सांगितली गेली, तर कितीतरी बाटल्या घरात येणारच नाहीत.

आता आकडे पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) सहा महिन्यांखालील केवळ अंगावर पिणाऱ्या बाळांचे प्रमाण देशात सुमारे ६४ टक्के आहे. मध्य प्रदेशात ते ७४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे देशाच्या सरासरीपेक्षा बरेच चांगले आहे. तरीही नमुना नोंदणी पाहणीच्या २०२०च्या अहवालात दर हजार जिवंत जन्मांमागे ४३ अर्भकमृत्यू हा देशातील सर्वाधिक दर मध्य प्रदेशाचाच होता. देशाचा दर २८, तर गोव्याचा ५ होता. यावरून कोणी म्हणेल की अंगावरच्या दुधाचा फारसा उपयोग नाही. हा निष्कर्ष चुकीचा ठरेल. कुपोषित आई, कमी वजनाचे बाळ, जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांतील अपुरी काळजी ही तेथील अर्भकमृत्यूंची मोठी कारणे आहेत आणि त्यांवर एकटे दूध पुरे पडत नाही. उलट, पाणी आणि स्वच्छता जेथे इतकी कमकुवत आहे तेथे अंगावरचे दूध हीच बाळाची शेवटची तटबंदी असते. ती बाटलीने फोडली, तर मागे काहीच उरत नाही.

दुसरा आकडा अधिक बोलका आहे. देशात रुग्णालयातील प्रसूतींचे प्रमाण दोन पाहण्यांच्या दरम्यान ७९ टक्क्यांवरून ८९ टक्क्यांवर गेले. पण जन्मानंतर तासाभरात आईचे दूध मिळालेल्या बाळांचे प्रमाण ४२ टक्क्यांच्या जवळच थांबले. म्हणजे आई रुग्णालयात पोहोचली, बाळ मात्र वेळेवर आईपाशी पोहोचले नाही. या पहिल्या तासांतच चीकदुधाच्या जागी मध, गुटी किंवा डब्याचे दूध शिरते.

गोव्याने यात स्वतःला वेगळे समजण्याचे कारण नाही. आपल्या राज्यात जवळजवळ सर्व प्रसूती रुग्णालयांत होतात आणि त्याच पाहणीनुसार त्यांतील सुमारे ३९ टक्के शस्त्रक्रियेने होतात. देशाची सरासरी २१ ते २२ टक्के आहे. शस्त्रक्रियेनंतर आई भूलीत किंवा वेदनेत असते, बाळ वेगळ्या खोलीत असते आणि ‘तोवर थोडे वरचे देऊ’ हा सल्ला सहज येतो. गोव्यात या बाटलीने सहसा बाळाचा जीव जात नाही, कारण पाणी, इंधन, शीतकपाट आणि डॉक्टर जवळ असतात. पण अंगावरचे पाजणे लवकर सुटते, घराचा खर्च वाढतो आणि संसर्गापासूनचे नैसर्गिक संरक्षण कमी होते. एकच बाटली पणजीच्या सदनिकेत आणि उज्जैनच्या मेळ्यातील तंबूत सारखी नसते. गोव्यातील कुटुंब तीच सवय घेऊन सिंहस्थाला जाते, तेव्हा मात्र हा फरक पुसला जातो.

या प्रश्नावर आपल्याकडे कायदा आहे आणि तो जगातील कडक कायद्यांपैकी एक मानला जातो. मे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने आईच्या दुधाच्या पर्यायांच्या विक्रीसंबंधी संहिता ११८ विरुद्ध एका मताने संमत केली. विरोधी मत अमेरिकेचे होते. भारताने १९८३ मध्ये स्वतःची राष्ट्रीय संहिता स्वीकारली. डिसेंबर १९९१ मध्ये वर्धा येथे ‘ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया’ ही संस्था स्थापन झाली आणि १९९२ मध्ये संसदेने दुग्धपर्याय, दूधबाटल्या व अर्भक अन्न यांचे नियमन करणारा कायदा केला. २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. त्यानुसार दोन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठीच्या अशा उत्पादनांची जाहिरात करता येत नाही, फुकट नमुने देता येत नाहीत, वेष्टनावर बाळाचे किंवा स्त्रीचे चित्र छापता येत नाही आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना भेटी किंवा लाभ देता येत नाहीत. भंग केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तीस वर्षांपूर्वीचे पाच हजार आज कोणत्या कंपनीला जाचतील, हा वेगळा प्रश्न.

याच कायद्यातील एक तरतूद मेळ्यांच्या संदर्भात विशेष महत्त्वाची आहे. अनाथालयाखेरीज इतर कोणालाही दुग्धपर्याय किंवा दूधबाटल्या दान करण्यास कायदा मनाई करतो. सेवाभावी मंडळे मेळ्यांत अन्नछत्रे, पाणपोया, औषधकेंद्रे चालवतात. त्याच भावनेने कोणी डब्याचे दूध आणि बाटल्या वाटू लागले, तर हेतू चांगला असूनही ते बेकायदा ठरेल. आणि घातकही. २००६ मध्ये इंडोनेशियातील योग्याकार्ता येथे भूकंपानंतर मदत म्हणून डब्याचे दूध मोठ्या प्रमाणावर वाटले गेले. नंतरच्या अभ्यासात असे दूध मिळालेल्या बाळांमध्ये अतिसाराचे प्रमाण ते न मिळालेल्या बाळांच्या दुपटीहून अधिक आढळले.

मात्र कायद्याचा सगळा भार आईवर टाकणे अन्याय्य होईल. मातृत्व लाभ कायद्यातील २०१७च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा दिली. त्यातील आठ आठवडे प्रसूतीपूर्वी घेतले तर नंतर अठराच उरतात, म्हणजे जेमतेम चार महिने. सहा महिने केवळ अंगावर पाजा, असे सांगणारी आणि चार महिन्यांत कामावर बोलावणारी व्यवस्था एकच आहे. ही रजाही संघटित क्षेत्रापुरती. हॉटेलात कंत्राटावर काम करणारी, बाजारात मासळी विकणारी किंवा बांधकामावर राबणारी आई तिच्या बाहेरच राहते. अन्न सुरक्षा कायद्याने २०१३ मध्ये किमान सहा हजार रुपयांच्या मातृत्व लाभाचे आश्वासन दिले; मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी पाच हजार मिळतात. एवढ्यात सहा महिने घरी बसणे कोणाला परवडेल?

काही मातांसाठी वरचे दूध हीच गरज असते. आई गंभीर आजारी असेल, हयात नसेल, बाळ दत्तक असेल किंवा त्याला विशिष्ट चयापचय दोष असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने ते द्यावेच लागते. अशा आईला अपराधी वाटायला लावणे हे अज्ञान आहे. तिला हवी असते ती अचूक माहिती. भुकटी निर्जंतुक नसते, म्हणून पाणी उकळून, ते किमान ७० अंश सेल्सिअस असतानाच भुकटी मिसळावी व पाजण्याइतके निवू द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मापात काटकसर करू नये, तयार केलेले दूध दोन तासांनंतर टाकून द्यावे आणि बाटलीऐवजी वाटी-चमचा किंवा आपले जुने बोंडले वापरावे, कारण ते घासून स्वच्छ करता येते. कामावर जाणाऱ्या आईने डब्याकडे वळण्याआधी स्वतःचे दूध काढून ठेवण्याचा पर्यायही पाहावा. आणि सहा महिन्यांखालील अंगावर पिणाऱ्या बाळाला उन्हाळ्यातही वेगळे पाणी लागत नाही. आईच्या दुधात ८० टक्क्यांहून अधिक पाणीच असते.

राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी अठराव्या शतकात महाकालेश्वराचे मंदिर पुन्हा उभारले, हा इतिहास गोव्यातील सारस्वत अभिमानाने सांगतात. त्या नात्याने तरी उज्जैनच्या तयारीत आपले लक्ष असावे. मागण्या मोठ्या नाहीत: दर घाटापाशी आणि बसस्थानकावर आडोसा असलेला स्तनपान कक्ष, प्रत्येक औषधकेंद्रात पाजण्याविषयी सल्ला देणारी प्रशिक्षित परिचारिका, तपासलेले पिण्याचे पाणी आणि डब्याच्या दुधाच्या वाटपावर स्पष्ट बंदी. सार्वजनिक ठिकाणी असे कक्ष असावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगितलेच आहे.

या मागण्यांसाठी आपल्याला २०२८पर्यंत थांबण्याचीही गरज नाही. शिरगावची लईराई, फातर्प्याची जत्रा, जुन्या गोव्यातील शवप्रदर्शन येथेही तान्ही बाळे येतातच. गोवा सरकारने हे चार नियम आपल्या जत्रांत आधी लागू करावेत आणि राज्यातील प्रसूतिगृहांत, विशेषतः शस्त्रक्रियेनंतर, पहिली बाटली कोणाच्या सल्ल्याने व कोणत्या कारणासाठी दिली गेली याची लेखी नोंद बंधनकारक करावी. ती नोंद ठेवावी लागली, तर विनाकारण दिल्या जाणाऱ्या बाटल्या कमी होतील आणि ज्या बाळाला वरच्या दुधाची खरोखर गरज आहे, त्याच्याकडेही नीट लक्ष जाईल.