बांध साक्षीने मोजता येत नाही

दिवाणी दाव्यात कोर्ट कमिशनर नेमणे म्हणजे न्यायाधीशाने आपले काम दुसऱ्याच्या गळ्यात घालणे, असे एका विधिज्ञांनी नुकतेच ठणकावले आहे. पुरावा वादीने आणावा, न्यायालयाने तो गोळा करून देऊ नये. शिवाय खर्च वाढतो, तारखा वाढतात, हे त्यांचे म्हणणे. यातले पुराव्याबद्दलचे वाक्य कमिशनर नेमण्याचे अर्ज नामंजूर करताना इतक्यांदा लिहिले गेले आहे की ते तपासून पाहावे असे कुणाला वाटेनासे झाले आहे. ताबा कोणाचा हे कमिशनरने ठरवू नये, हे मान्य; पेरले कोणी, कापले कोणी, हे शेजारीपाजारी सांगू शकतात. हद्दीचे तसे नाही. गुंठा म्हणजे 33 फूट बाय 33 फूट. 363 फुटी बांधावर नांगर तीन फूट आत सरकला की बरोबर एक गुंठा गेला. ते तीन फूट कोणता साक्षीदार शपथेवर सांगणार? एक म्हणतो बांध बाभळीच्या अलीकडे, दुसरा म्हणतो पलीकडे, आणि बाभूळ केव्हाच तुटलेली. वादीने मोजणी करून आणली, तर प्रतिवादी म्हणतो मला नोटीसच नव्हती, आणि स्वतःचा नकाशा पुढे करतो. अशा वेळी मोजणीचे मूळ टिपण काढून, दोघांना बोलावून, खुणेच्या दगडापासून मोजत येणारा तिसरा माणूस लागतोच. हरियाणातील एका हद्दीच्या वादात अशी नेमणूक व्हायला हवी होती, असे सर्वोच्च न्यायालयानेही 2008 साली म्हटले आहे.

काम ढकलण्याचा आरोप तर दिवाणी प्रक्रिया संहिता न वाचताच केलेला दिसतो. ऑर्डर 26, रूल 10 प्रमाणे कमिशनरचा अहवाल हा पुरावा आहे, निकाल नव्हे. त्याला पिंजऱ्यात बोलावून प्रश्न विचारता येतात, आणि समाधान झाले नाही तर न्यायालय पुन्हा तपासणी करायला लावू शकते. खर्च आधीच जमा करून घेता येतो. वेळेचे म्हणाल, तर अपिलात दावा मोजणीसाठी परत येतो तेव्हा गेलेली वर्षे कोणाच्या खात्यावर लिहायची? म्हणून हद्दीच्या दाव्यात मुद्दे निघताच भूमी अभिलेखच्या मोजणी अधिकाऱ्याला कमिशनर नेमावे, आणि कोणत्या टिपणावरून मोजायचे, लगतचे कोणते गट धरायचे, हे आदेशातच लिहावे.