फलक उतरल्यानंतर नितीन भालेराव यांचे काय?

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा आपल्याकडे तारखांनी भरलेला असतो. 25 तारखेला बाबासाहेबांच्या संविधान सभेतील समारोपाच्या भाषणाची आठवण. 26 ला संविधान दिन आणि त्याच दिवशी मुंबईवरील हल्ल्यात मरण पावलेल्या पोलिसांना मानवंदना. 28 ला महात्मा फुले यांचा स्मृतिदिन. त्यानंतर सगळे 6 डिसेंबरच्या तयारीला लागतात. या गर्दीत 29 नोव्हेंबर ही तारीख नाशिकमध्येसुद्धा कुणाच्या फारशी लक्षात राहत नाही.

28 नोव्हेंबर 2020 च्या रात्री छत्तीसगडच्या सुकमा जिल्ह्यात ताडमेटला परिसरात माओवाद्यांनी पेरलेल्या सुरुंगाचा स्फोट झाला. केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या, म्हणजे सीआरपीएफच्या, 206 कोब्रा बटालियनची तुकडी मोहिमेवर होती. या तुकडीतले असिस्टंट कमांडंट नितीन भालेराव गंभीर जखमी झाले, आणखी काही जवानही जखमी झाले. हेलिकॉप्टरने त्यांना रायपूरला हलवण्यात आले, पण 29 च्या पहाटे भालेराव यांचे निधन झाले. ते नाशिकचे होते. वयाची तिशी त्यांनी नुकतीच ओलांडली होती. नाशिकमध्ये शासकीय इतमामात त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले.

2010 मध्ये ते दलात दाखल झाले. त्याच वर्षी 6 एप्रिलला याच ताडमेटला भागात माओवाद्यांच्या हल्ल्यात 76 जवान मारले गेले होते. ज्या वर्षी हा तरुण गणवेश घालतो त्याच वर्षी देशाला माहीत झालेल्या त्या जंगलात दहा वर्षांनी त्याचा शेवट होतो. मधल्या काळात ते जंगल सोडून आपण सगळे पुढे गेलो होतो.

नाशिक रोड भागातल्या एका विहाराच्या अभ्यासिकेत मी अधूनमधून जाते. तिथे पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली पहाटे मैदानावर धावून येतात आणि मग पुस्तके उघडतात. मागच्या वर्षी मी सहज विचारले, नितीन भालेराव कोण होते? बारा-तेरा जणांपैकी दोघांनी नाव ऐकले होते. एकाला चौकातला फलक आठवत होता. "नंतर तिथे वाढदिवसाचा फलक लागला," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्याने जे पाहिले ते सांगितले.

आदरांजली वाहायची म्हणजे नेमके काय करायचे, हा प्रश्न मला त्या दिवसापासून सोडत नाही.

ही वर्दी मागून मिळालेली आहे

1906 मध्ये पुण्याजवळ भांबुर्ड्याला पोलीस प्रशिक्षण शाळा सुरू झाली आणि 1909 मध्ये ती नाशिकला आली. तीच आजची महाराष्ट्र पोलीस अकादमी. राज्याचे फौजदार इथेच घडतात. शाळा नाशिकला आली त्याच्या पुढच्याच वर्षी, 1910 मध्ये, शिवराम जानबा कांबळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दख्खनच्या महारांच्या वतीने भारतमंत्री लॉर्ड क्रू यांना अर्ज केला. त्यात मागितले काय होते? सरकारी नोकरीतल्या सर्वांत खालच्या जागा, पोलीस शिपायाची जागा आणि सैन्यात भरती. एवढेच.

कोरेगाव भीमाच्या स्तंभावर ज्यांची नावे कोरलेली आहेत, त्यांच्या नातवंडा-पतवंडांना शिपाई होण्यासाठी अर्ज करावा लागत होता. कारण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली होती. पुढे 1928 मध्ये सायमन कमिशनपुढे बाबासाहेबांनी सैन्य, आरमार आणि पोलीस या तिन्हींत जातीची आडकाठी न ठेवता भरती करावी अशी मागणी केली. 1930 मध्ये काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात आपली माणसे बंद दारासमोर बसली, तेव्हा बंदोबस्ताला पोलीस होते आणि ते दाराच्या रक्षणासाठी होते.

आज एखादा तरुण केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा देतो, अधिकारी होतो आणि तुकडीच्या पुढे चालतो, त्यामागे शंभर वर्षांचे हे मागणे आहे. भालेराव यांची जात किंवा धर्म कोणता, हे मी इथे लिहिणार नाही आणि तुम्हीही आडनावावरून शोधत बसू नका. समाजमाध्यमांवर "आपल्या समाजाचा वीर" असे लिहिण्याची घाई होते. पण जातीची आडकाठी नको, ही आपलीच मागणी होती. ती मान्य झाल्यावर मृत्यूनंतर जातीचा शिक्का आपणच कशाला मारायचा? गणवेशातला माणूस सर्वांचा आहे, हे मानणे हाच त्या 1910 च्या अर्जाचा मान आहे.

पंचशील आणि बंदूक

धम्माच्या कार्यक्रमात तरुण मला एक प्रश्न हमखास विचारतात. पहिले शील प्राणिहत्येपासून दूर राहण्याचे आहे, मग बंदूक हातात घेणाऱ्याचा सन्मान विहारात करायचा का?

बाबासाहेबांनी हा प्रश्न टाळला नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळेपणाने पाळायचा नियम नाही, अशी त्यांची मांडणी आहे. 'बुद्ध की कार्ल मार्क्स' या निबंधात त्यांनी वैशालीच्या सिंह सेनापतीचा संवाद याच मुद्द्यासाठी घेतला आहे. न्यायासाठी बळ वापरावे लागले तर तथागतांनी ते निषिद्ध मानले नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात त्यांनी रक्तरंजित मार्ग सोडून संवैधानिक मार्ग धरायला सांगितले. माओवाद्यांचा मार्ग आपला का नाही, याचे उत्तर त्या भाषणात आहे. आदिवासींच्या जमिनीचा, जंगलाचा आणि उपासमारीचा प्रश्न खरा आहे, पण रस्त्यात सुरुंग पेरून तो सुटत नाही. त्या सुरुंगावर पाय पडतो तो बहुधा शेतकऱ्याच्या, कामगाराच्या किंवा आदिवासीच्याच मुलाचा.

पण त्याच भाषणात आणखी एक इशारा आहे. राजकारणातली भक्ती ही अधोगतीची आणि शेवटी हुकूमशाहीची वाट आहे, असे ते म्हणाले. ती भक्ती पुढाऱ्याची नको तशी गणवेशाचीही नको.

सन्मान करायचा आणि प्रश्नही विचारायचे

आपल्या तरुणांच्या मनात खरी अडचण इथे आहे. डिसेंबर 2024 मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतरच्या आंदोलनात पकडलेला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी 15 डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. गुन्हा नोंदवण्याचा आदेश मिळवण्यासाठी त्याच्या आईला उच्च न्यायालयात जावे लागले, आणि तो आदेश सर्वोच्च न्यायालयानेही कायम ठेवला. ज्याने हे जवळून पाहिले, त्याला गणवेशापुढे मेणबत्ती लावताना हात अडखळला तर मी त्याला दोष देणार नाही.

ताडमेटल्याचेही तेच. 2011 मध्ये याच भागातल्या गावांत आदिवासींची घरे जाळली गेली आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याचा तपास सीबीआयकडे दिला. भालेराव यांच्याबद्दल लिहिताना हे लपवायचे कारण नाही.

माझ्या मते या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात नाहीत. पोलीस हा संविधानाने नेमलेला माणूस आहे. तो संविधानासाठी उभा राहिला आणि त्यात गेला, तर त्याचा सन्मान करायचा. त्याने संविधान मोडले, तर त्याला न्यायालयात उभे करायचे. मोजमाप एकच आहे. जो समाज फक्त सन्मान करतो तो भाबडा ठरतो, आणि जो फक्त संशय घेतो तो आपल्याच मुलामुलींना त्या खात्यात एकटे पाडतो. आपली शेकडो मुले-मुली आज पोलीस ठाण्यांत, राखीव दलांत, सीमेवर आहेत. तुकडीत कुणी अन्याय्य हुकूम दिला तर "नाही" म्हणण्याचे धैर्य त्यांना कुठून मिळणार? आपण त्यांच्या पाठीशी आहोत, हे त्यांना माहीत असेल तरच.

शब्द मोठे, हक्क अपुरे

फलकावर 'शहीद' लिहिले जाते. केंद्र सरकारने मात्र संसदेत एकापेक्षा जास्त वेळा सांगितले आहे की सैन्यासाठी काय किंवा केंद्रीय दलांसाठी काय, हा शब्द अधिकृतपणे वापरला जात नाही. मराठीत आपण 'हुतात्मा' म्हणतो. 'हुत' म्हणजे यज्ञात अर्पण केलेले. यज्ञ नाकारणाऱ्या बुद्धाच्या अनुयायांनी हा शब्द जरा थांबून वापरावा, असे मला वाटते. 'कर्तव्यावर मरण पावले' एवढे म्हटले तरी त्या माणसाची उंची कमी होत नाही.

शब्दापेक्षा हक्क महत्त्वाचा. 1 जानेवारी 2004 नंतर केंद्रीय दलांत दाखल झालेल्यांना नवी पेन्शन योजना लागू झाली, सैन्याला मात्र जुनीच राहिली. कारवाईत मृत्यू आला तर कुटुंबाला वेगळ्या नियमांनी निवृत्तिवेतन मिळते. पण त्याच जंगलात वीस-तीस वर्षे काढून जिवंत परत येणाऱ्याचे काय? जानेवारी 2023 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ही दलेसुद्धा संघराज्याची सशस्त्र दले आहेत असे म्हणत जुन्या पेन्शनच्या बाजूने निकाल दिला. वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला.

दुसरा प्रश्न बढतीचा. असिस्टंट कमांडंट म्हणून लागलेला अधिकारी एकाच पदावर वर्षानुवर्षे अडकून राहतो, कारण वरच्या अनेक जागा आयपीएस अधिकाऱ्यांकडे प्रतिनियुक्तीने जातात. 23 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने या दलांच्या केडर अधिकाऱ्यांना संघटित गट अ सेवेचे लाभ द्यावेत आणि विशिष्ट स्तरापर्यंतची प्रतिनियुक्ती दोन वर्षांत टप्प्याटप्प्याने कमी करावी असा निकाल दिला. सन्मानाच्या सभेत या निकालावर कुणी बोलताना मी ऐकलेले नाही. भाषणांत शौर्य असते, सेवाशर्ती नसतात.

ऑक्टोबर 2025 मध्ये माओवाद्यांचा मोठा नेता भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला. एक लढाई संपत आल्याचे सांगितले जात आहे. लढाई संपली की जिंकल्याचे सोहळे होतात, आणि मधल्या वर्षांत एकेकटे गेलेले लोक सर्वांत आधी विसरले जातात. म्हणून आत्ताच बोलले पाहिजे.

नाशिकने काय करावे

आपल्यात माणूस गेल्यावर पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम करतात. गेलेल्याच्या नावाने कुणाला तरी दान द्यायचे, हा त्याचा गाभा. तोच धरून काही साध्या गोष्टी करता येतील.

पहिली, दर 29 नोव्हेंबरला शहरातल्या एखाद्या अभ्यासिकेत केंद्रीय दलांच्या अधिकारी परीक्षेवर मार्गदर्शन ठेवावे. असिस्टंट कमांडंटची परीक्षा पदवीधरांसाठी असते, वय 20 ते 25, अनुसूचित जाती-जमातींना पाच वर्षांची सवलत, आणि ती मुलींनाही खुली आहे. शिपाई भरतीसाठी धावणाऱ्या आपल्या अनेक पदवीधरांना ही परीक्षा माहीतच नसते. 1910 मध्ये शिपायाची जागा मागावी लागली. आता अधिकाऱ्याची जागा लढवायची आहे.

दुसरी, जिल्ह्यात कर्तव्यावर गेलेल्या पोलीस व जवानांची यादी करावी, जात न विचारता. त्यांच्या मुलांना पंतप्रधान शिष्यवृत्ती योजनेचा लाभ मिळतो का, ते पाहावे. व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी मुलीला महिना 3,000 आणि मुलाला 2,500 रुपये मिळतात. अर्ज भरायला मदत करणे हेही दानच आहे.

तिसरी, घरच्यांना मंचावर बसवण्याआधी त्यांना काय हवे ते विचारावे. काहींना बोलायचे असते, काहींना नुसती सोबत हवी असते, काहींना काहीच नको असते. शाल आणि छायाचित्र हा आपला कार्यक्रम असतो, दुःख त्यांचे असते.

चौथी, एखाद्या अभ्यासिकेला नितीन भालेराव यांचे नाव द्यावे. चौकाला नाव दिले की लोक त्याखालून जातात. अभ्यासिकेला दिले की त्याखाली बसून कुणीतरी शिकते.

यंदा 28 तारखेला आपण जोतिबांना अभिवादन करू. ज्ञानाअभावी माणसाचे काय होते, हे त्यांनी आपल्याला शिकवले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या अभ्यासिकेत पुन्हा तोच प्रश्न विचारायचा माझा विचार आहे. यावेळी दोनपेक्षा जास्त हात वर यावेत.

जय भीम. जय संविधान.