कामाचे स्वरूप : डबा

सभा या प्रकाराविषयी माझे मत या सदराच्या जुन्या वाचकांस नव्याने सांगण्याचे कारण नाही. लिफ्टच्या दुरुस्तीनिमित्त भरलेल्या सभेची हकिकत मी येथे लिहिली तेव्हा आमच्या चिटणीसांनी माझ्याशी धरलेला अबोला थेट दिवाळीच्या फराळापर्यंत टिकला होता, हे पुष्कळांच्या स्मरणात असेल. फराळाच्या ताटावर झालेला तो तह अबाधित असतानाच जिन्याखालच्या फलकावर पुन्हा एक सूचना झळकली आणि तिच्यातील पाचव्या विषयाने माझ्या वामकुक्षीचा पुरता विचका केला. ‘आवारातील पोकळ व धोकादायक झालेल्या रेन ट्रीची पावसाळ्यापूर्वी छाटणी करणे’ असा तो मजकूर. गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी भरेल आणि मग तिला गणसंख्येची अट राहणार नाही, ही आपल्या सहकारी लोकशाहीची अजरामर तळटीप त्याखाली होतीच.

एरंडवण्यातील आमचे हे आवार पूर्वी एका बंगल्याचे होते. बंगला गेला, त्याच्या जागी चार मजले उभे राहिले, आणि गतवैभवाची एवढीच एक खूण फाटकाशेजारी शिल्लक उरली. कोण्या एका वर्षी वळवाच्या पावसात तिची मोठी फांदी निखळली, त्या जखमेच्या जागी सावकाश ढोली झाली, आणि ढोली होताच झाड आमच्या दप्तरी ‘पोकळ’ म्हणून बदनाम झाले. पोकळपणा हा आपल्या लेखी झाडाचा अपराध. पिंगळा, पोपट, साळुंकी यांच्या लेखी मात्र झाडाची खरी योग्यता तेथूनच सुरू होते. ज्या शहरात दर पावसाळ्यात वृक्षारोपणाचे समारंभ होतात आणि दर उन्हाळ्यात म्हाताऱ्या झाडांना करवत लागते, त्या शहरात अशा पाखरांची जागेची अडचण माणसांच्या अडचणीहून बिकट असते. कारण रोप मंत्रिमहोदयांच्या हस्ते एका सकाळी लावता येते, ढोलीसाठी मात्र झाडाचे अवघे आयुष्य खर्ची पडावे लागते.

या ढोलीत यंदा राखी धनेशाच्या जोडप्याने बिऱ्हाड थाटले आहे. लांबीला सुमारे दोन फूट, राखाडी अंग, लांब शेपूट, बाकदार चोच आणि तिच्यावर टोकदार शिंगासारखा उंचवटा, असा हा पक्षी पुण्याच्या टेकड्यांलगतच्या वस्तीत पुष्कळांच्या डोक्यावरून रोज जातो व पुष्कळांना दिसत नाही. त्याचा संसार विलक्षण आहे. मादी ढोलीत शिरते आणि विष्ठा व चिखल यांनी दार लिंपून स्वतःला कोंडून घेते. चोच बाहेर येण्यापुरती एक उभी फट तेवढी उरते. आत तिची उड्डाणपिसे गळतात, म्हणजे मनात आले तरी तिला बाहेर पडून उडणे शक्य नसते. कित्येक आठवडे नराने वड, पिंपळ, उंबर यांची फळे गळ्यात भरून आणावीत, फटीशी लटकून एकेक वर काढावे आणि तिच्या चोचीत द्यावे, असा क्रम चालतो. नराचे बरेवाईट झाले तर आतल्या कुटुंबावर उपासमार ओढवते. हे सारे ऐन उन्हाळ्यात घडते, आणि शहरोशहरी छाटणीची कामेही ऐन उन्हाळ्यातच निघतात.

हे पुस्तकी ज्ञान मजजवळ होते. परंतु त्याचे प्रात्यक्षिक माझ्या खिडकीखाली चालू आहे हे मला कळले ते आमच्या फाटकावरच्या पहारेकऱ्यामुळे. हा मनुष्य मूळचा हिंगोलीकडचा, दिवसपाळीला असे. येणाऱ्याजाणाऱ्यांची नोंद ठेवण्यासाठी त्याच्यापाशी एक लांबट वही होती. तिच्यात नाव, कोठून, कोणाकडे, कामाचे स्वरूप, येण्याची वेळ, जाण्याची वेळ आणि सही असे सात रकाने. गॅसचे सिलिंडर येऊन गेले की काय, याची शहानिशा करण्यासाठी मी एके दिवशी ती वही चाळू लागलो, तो सिलिंडर आणि कुरिअर यांच्या मधोमध ठसठशीत अक्षरात पुढील नोंद आढळली. नाव : शिंगवाला. कोठून : टेकडी. कोणाकडे : झाडातल्या बाई. कामाचे स्वरूप : डबा. आले ७.४०, गेले ७.४४. सहीच्या रकान्यात शिरस्त्याप्रमाणे आडवी रेघ.

“हे काय?” मी विचारले.

“साहेब, फाटकातून जो येईल-जाईल त्याची नोंद ठेवायची, असं सुपरवायझर साहेबांनी बजावलंय.”

“अरे, पण हा काही फाटकातून येत नाही.”

“फाटकावरून येतो ना, साहेब!”

या उत्तरापुढे बोलण्यासारखे काही नव्हते. मी मागची पाने उलटली. शिंगवाल्याच्या खेपा दिवसागणिक टिपलेल्या होत्या. एके ठिकाणी ‘डबा’ याच्यापुढे कंसात ‘सरडा’ असा तपशील होता. लग्नाच्या वरातीच्या दिवशी ‘बँडमुळे परत गेला, अंधार पडताना आला’ असा शेरा होता. पार मागे, फेब्रुवारी सरतानाच्या एका पानावर, बाईंची स्वतःची नोंद होती : कामाचे स्वरूप, ‘राहण्यास’, येण्याची वेळ सकाळी ९.१०, जाण्याची वेळ कोरी. “अजून बाहेर आल्या नाहीत, म्हणून मोकळी ठेवली,” असे त्याने मोठ्या गांभीर्याने सांगितले. मी सरकारी नोकरीत हयात घालवली; पण रोजनामा इतक्या सचोटीने लिहिणारा कारकून मला तेथे क्वचितच भेटला.

याच सुमारास आमच्याच इमारतीतील एका उत्साही तरुणाने ढोलीचे छायाचित्र पत्त्यासह मित्रमंडळींत धाडण्याचा पराक्रम केला, आणि पुढच्या रविवारी तोफांसारख्या दुर्बिणी लावलेले कॅमेरे घेऊन पाच-सहा निसर्गप्रेमी दाराशी येऊन ठेपले. निसर्गप्रेमाविषयी मला आदर आहे. परंतु जे प्रेम तिपाईवरून उतरत नाही, ज्याला नर समोरच्या तारेवर ताटकळत बसला आहे हे भिंगातून दिसते आणि का बसला आहे हे दिसत नाही, त्या प्रेमापासून पाखरांनी दूरच राहावे हे बरे. त्यांतील एकाने खिशातून फोन काढून त्याच पक्ष्याची ध्वनिमुद्रित शीळ वाजवली, हेतू हा की पाहुणा चिडून जवळ यावा. येथे आमच्या पहारेकऱ्याने कायदा हाती घेतला. “कोणाकडे जायचंय?” त्याने वही पुढे केली. “झाडाकडे,” ते गृहस्थ म्हणाले. “झाडाचा फ्लॅट नंबर सांगा.” तो त्यांना सांगता येईना. “मग बाईंना विचारावं लागेल, आणि बाई दार उघडत नाहीत,” असे म्हणून त्याने फाटक लावून घेतले.

आता सभेकडे वळतो. सभांतून काही चांगले निष्पन्न होत नाही या माझ्या सिद्धान्तास इतिहासातील एक अपवाद मला मान्य करावाच लागतो. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईतील आठ गृहस्थ भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आपापल्या निरीक्षणांची देवाणघेवाण करण्यासाठी जमले आणि त्यातून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी जन्मास आली. त्या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले डॉक्टर होते, ही गोष्ट आपण उगाच विसरतो. नागरिकांनी पाहावे, टिपावे आणि एकमेकांस सांगावे, ही परंपरा तेव्हापासूनची. आज दर फेब्रुवारीत चार दिवस जगभर ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ होतो, त्यात भारत २०१३ पासून सामील आहे. गच्चीत किंवा अंगणात निदान पंधरा मिनिटे उभे राहून दिसलेले पक्षी मोजावेत, एवढीच त्याची अट. मुंबईत बिबट्या आणि माणूस यांची गाठ रोजची असल्याने वन खात्याने २०११ मध्ये ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ या नावाने संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवतालच्या रहिवाशांना व अभ्यासकांना हाताशी धरले, कारण बिबट्या वस्तीत येतो तो कुत्र्यांमागे, आणि कुत्री जमतात ती आपण टाकलेल्या कचऱ्यापाशी. कुंपणाने जे साधत नाही ते शेजाऱ्यांच्या शहाणपणाने साधावे, हा त्यातला हिशेब.

आमची सभा मात्र गणसंख्येअभावी रीतसर तहकूब होऊन अर्ध्या तासाने भरली. खजिनदारांनी प्रारंभीच विचारले की, फांदी मोटारीवर कोसळली तर नुकसानभरपाई धनेश देणार काय? प्रश्न अगदीच गैरलागू नव्हता; म्हातारे झाड वादळात खरोखरच पडते, आणि खाली माणूसही असू शकतो. त्यावर तिसऱ्या मजल्यावरील वकीलबाई उठल्या. १९७५ च्या कायद्यान्वये झाडाला हात लावण्यापूर्वी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडाला वारसावृक्षाचा दर्जा दिला आहे, हे त्यांनी सांगितले तेव्हा मंडळी जांभया देत होती. परंतु १९७२ च्या वन्यजीव कायद्यातील शिकारीच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांच्या घरट्यास किंवा अंड्यांस उपद्रव देणेही येते, असे त्या म्हणताच आमचे अध्यक्ष, जे श्रावणात लसूणसुद्धा वर्ज्य मानतात, खुर्चीत ताठ झाले. आपली गणना शिकाऱ्यांत होऊ शकते ही कल्पना त्यांच्या सात पिढ्यांत कोणास शिवली नसावी.

तरीही कायद्याने सभा जिंकली असे मी म्हणणार नाही. ‘पक्षी आहे याला पुरावा काय?’ असे मागून कोणी तरी म्हणालेच, आणि तेव्हा मी पहारेकऱ्याची वही टेबलावर ठेवली. ती हातोहात फिरली. आपल्या समाजाची देवाखालोखाल श्रद्धा असते ती वेळ घातलेल्या निळ्या शाईच्या नोंदीवर. ज्यांनी खिडकीतून मान वर केली नव्हती ते सद्गृहस्थ ‘सरडा’ वाचून एकमेकांना दाखवू लागले. एका आजीबाईंनी बाईंचा जाण्याचा रकाना कोरा पाहून ‘अगं बाई, माहेरी आलेली दिसतेय!’ असा निवाडा दिला. अखेरीस पाखरे उडून जाईपर्यंत छाटणी स्थगित ठेवावी, त्यानंतर जाणकाराकडून झाडाची तपासणी करून केवळ मोटारींवर आलेली फांदी परवानगीने हलकी करावी, ढोलीस हात लावू नये, आणि तोपर्यंत झाडाखाली कोणीही मोटार लावू नये व बसू नये, असे ठरले. पुण्यात मोटार लावण्याची जागा पाखरासाठी सोडली गेली, याचे मोल जाणकारांनी जाणावे.

हा लेख येथे संपवून मी शांतपणे पान खाल्ले असते. परंतु मंगळवारी सकाळी फाटकावर नवा मनुष्य बसलेला दिसला. चौकशी करता कळले की, पहारेकरी पुरवणाऱ्या कंत्राटदार मंडळींच्या नियमानुसार कोणासही एका जागी सहा महिन्यांपलीकडे ठेवत नाहीत. का, तर ‘ओळखी वाढतात’. आमचा रोजनामेदार शहराच्या दुसऱ्या टोकाला कोणत्याशा गोदामावर रवाना झाला आहे, जेथे म्हणे झाडच नाही. नवा मनुष्य प्रामाणिक आहे. कुरिअर, दूध, इस्त्री यांच्या नोंदी चोख करतो. शिंगवाल्याची नोंद करत नाही, कारण तशी सूचना त्याला कोणी दिलेली नाही. आणि रविवारी कॅमेरेवाले पुन्हा आले तेव्हा त्यांनी माझेच नाव सांगून आत प्रवेश मिळवला.

मी कंत्राटदाराच्या कचेरीत दूरध्वनी करून जुन्या माणसास परत मागितले. तेथील व्यवस्थापकाने अत्यंत विनयाने विचारले, “काका, त्याच्यात असं विशेष काय होतं?” मी म्हणालो, “तो वर बघत असे.” क्षणभर थांबून तो म्हणाला, “पण काका, फाटक तर खाली असतं ना!” त्याचे म्हणणे कंत्राटाला धरून होते हे मी नाकारत नाही. म्हणूनच कंत्राटाचे नूतनीकरण होताना त्यात एक कलम वाढवून घ्यावे, आणि सहा महिन्यांच्या बदलीचा नियम आमच्यापुरता रद्द करवून त्यासाठी दरमहा जो काही जास्तीचा खर्च येईल तो सर्व सभासदांनी विभागून सोसावा, असा लेखी प्रस्ताव मी देणार आहे. आमचे चिटणीस हे सदर वाचत नसल्याचे सांगतात. तथापि त्यांनी ही रीतसर पूर्वसूचना समजावी, आणि खजिनदारांनी आकडेमोडीस आजच बसावे.