गवताचा अपुरा जमाखर्च

सूर्यतेजाचा केवढा अंश तृणाच्या देहात साठतो, हा प्रश्न वरकरणी केवळ वनस्पतिशास्त्रज्ञांच्या जिज्ञासेचा वाटला, तरी ज्या प्रांतात विस्तीर्ण माळरानांची नोंद महसुली दप्तरांत ‘पडीक’ किंवा ‘पोटखराबा’ म्हणून होत आली, तेथे तो राज्यकारभाराचाही प्रश्न आहे. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन मॉन्टीथ यांनी १९७७ साली दाखवून दिले की, निकोप पीक आपल्या पानांनी अडवलेल्या सौर ऊर्जेच्या दर मेगाज्यूलमागे सुमारे १.४ ग्रॅम शुष्क द्रव्य निर्माण करते. म्हणजे त्या ऊर्जेपैकी शेकडा अडीचच्या आसपास भाग पदरात पडतो. ऊस, ज्वारी, बाजरी आणि माळावरची बहुतेक उष्णदेशीय गवते कर्बवायू पानात एकवटण्याच्या निराळ्या रीतीमुळे गहू-भातापेक्षा या कामी सरस ठरतात. त्यांची सैद्धांतिक कमाल मर्यादा शेकडा सहा, तर गहू-भाताची सुमारे साडेचार मानली जाते.

परंतु हा हिशेब मांडायचा कसा? चौरस आखून त्यातले गवत ऐन बहरात कापायचे, वाळवायचे आणि तोलायचे, ही रूढ पद्धत सोपी खरी. पण दरम्यान सुकून झडलेली पाती आणि भूमीत दडलेला मुळांचा संभार तीत जमेस धरला जात नाही. दुकानदाराची वर्षाची उलाढाल दिवाळीच्या रात्री गल्ल्यात सापडलेल्या रोकडीवरून ठरवण्यासारखाच हा प्रकार! संयुक्त राष्ट्रसंघाच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या साह्याने केनिया, थायलंड, मेक्सिको येथील तृणभूमींवर जेव्हा महिन्यामहिन्याला जिवंत, मृत आणि भूमिगत अशी त्रिविध मोजणी झाली, तेव्हा खरे उत्पादन जुन्या आकड्यांच्या कित्येक पट भरले. अमेझॉनच्या पूरमैदानात मनाऊसजवळ तर एका पाणगवताने हेक्टरी वर्षाला सुमारे शंभर टन शुष्क द्रव्य दिले, आणि तेही कोणी खताची चिमूट न टाकता. पुरासोबत येणारा गाळ व बारमाही पाणी तेथे असते, आपल्या पर्जन्यछायेतील माळांना ते लाभत नाही, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि मोजणीतला दोष हवामानावर अवलंबून नसतो.

म्हणून गायरानावर वृक्षारोपणाचा वा सौरपट्ट्यांचा प्रस्ताव मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्यांना एवढीच विनंती, की त्या जमिनीची मुळांसकट, निदान एका संपूर्ण वर्षाची मोजणी मागवल्यावाचून तिला निरुपयोगी ठरवणाऱ्या कागदावर शिक्का उमटवू नये.