जवस, ब्राह्मी की लाखोळी? मेंदूसाठी खरंच काय कामाचं, दवनीवाड्याच्या ताटावरून समजून घ्या

"हे चूर्ण रोज सकाळी कोमट पाण्यातून घ्या, विसरभोळेपणा कायमचा जाईल." असा मेसेज तुमच्याही फॅमिली ग्रुपवर येऊन गेला असेल. पाठवणारे बहुतेक वेळा काका-मामाच असतात आणि हेतूही चांगलाच असतो. प्रश्न एवढाच, की यातलं खरं किती?

उत्तर शोधायला आपण गोंदिया तालुक्यातल्या दवनीवाड्याकडे बघू. हा धानाचा पट्टा. इथल्या शेतात आणि ताटात मेंदूशी थेट नातं असलेल्या दोन गोष्टी आहेत. एक चांगली म्हणून ओळखली जाते, तर दुसरी वर्षानुवर्षं बदनाम आहे.

जवसाची चटणी: फायदा आहे, पण किती?

पूर्व विदर्भात धान कापणीला येण्याआधी उभ्या पिकातच जवस आणि लाखोळी फेकून पेरतात. याला उतेरा पद्धत म्हणतात. जमिनीतल्या उरलेल्या ओलीवर हे पीक येतं.

जवसाच्या तेलात साधारण निम्मा भाग एएलए या ओमेगा-३ चा असतो. मेंदूला प्रामुख्याने लागतं ते मात्र डीएचए हे वेगळं ओमेगा-३. आपलं शरीर एएलएपासून डीएचए बनवतं, पण फारच थोडं. त्यामुळे जवस उत्तम अन्न आहे, पण माशांची पूर्ण जागा ते घेत नाही. मासे खात असाल तर दोन्ही ताटात ठेवा. आणि जवस भाजून, कुटून खा. अख्खा दाणा बरेचदा न पचताच बाहेर पडतो. म्हणजे आजीची चटणी बरोबरच आहे!

लाखोळी: 'नैसर्गिक' म्हणजे सुरक्षित?

लाखोळी डाळीत ओडीएपी नावाचा घटक असतो. दुष्काळात दुसरं काही मिळत नाही म्हणून लोक महिनोन् महिने मुख्यतः हीच डाळ खातात, तेव्हा तो चेतापेशींना इजा करतो आणि पाय कायमचे लुळे पडू शकतात. या आजाराला लॅथिरिझम म्हणतात. याच भीतीने 1961 मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली.

पण गोष्ट इथे संपत नाही. बंदी उठावी म्हणून नागपूरचे डॉ. शांतीलाल कोठारी यांनी दीर्घकाळ लढा दिला. महाराष्ट्राने 2008 मध्ये बंदी उठवली. दरम्यान 'रतन', 'प्रतीक' यांसारखे कमी ओडीएपीचे वाण आले. डाळ भिजवून, उकळून ते पाणी फेकलं तरी हा घटक कमी होतो. भात, भाजी आणि इतर डाळींसोबत अधूनमधून खाणं वेगळं आणि फक्त तिच्यावरच जगणं वेगळं.

यातून धडा काय? एखादी गोष्ट नैसर्गिक आहे, यावरून ती औषध की विष हे ठरत नाही. किती खाल्ली, किती दिवस आणि कशासोबत, यावर ते ठरतं. हाच नियम चूर्णालाही लागू होतो.

मग ब्राह्मीचं काय?

पहिला गोंधळ नावाचाच. 'ब्राह्मी' म्हणून कुठे नीरब्राह्मी मिळते, तर कुठे मंडूकपर्णी. या दोन वेगळ्या वनस्पती आहेत. नीरब्राह्मीच्या अर्कावर अभ्यास झालेत. काहींमध्ये लक्षात ठेवण्याच्या चाचण्यांत थोडी सुधारणा दिसली. पण बहुतेक अभ्यास लहान आणि साधारण 12 आठवड्यांचे होते. स्मृतिभ्रंश थांबतो, असं त्यातून सिद्ध होत नाही.

गिंको या प्रसिद्ध वनस्पतीची तर मोठी परीक्षा झाली. अमेरिकेत तीन हजारांहून अधिक ज्येष्ठांना वर्षानुवर्षं गिंको किंवा बिनऔषधी गोळी दिली. 2008 मध्ये निष्कर्ष आला: गिंकोने स्मृतिभ्रंश टळला नाही.

जाहिरातींवर लक्ष कोण ठेवतं?

आयुष औषधांच्या जाहिरातीला आधी परवानगी घ्यावी लागेल, असा नियम 170 2018 मध्ये आला. 1 जुलै 2024 ला केंद्राने तो काढून टाकला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. पण ऑगस्ट 2025 मध्ये ते प्रकरणच बंद झालं आणि स्थगितीही संपली. 1954 चा जादुई उपचारांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदा अजून आहे. अपस्मार, पक्षाघात अशा आजारांवरच्या उपचाराची जाहिरात त्यात मना आहे. पण जाहिरात आधी तपासली जाण्याची चाळणी आता उरलेली नाही. म्हणजे फॉरवर्ड करण्याआधी चाळणी लावायची ती तुम्हीच.

खरा धोका कुठे आहे?

चूर्णाने फायदा झाला नाही, तर पैसे जातील. पण त्यात वेळ गेला तर नुकसान मोठं. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतात 60 वर्षांवरील सुमारे 7.4 टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे. मात्र प्रत्येक विसरणं म्हणजे स्मृतिभ्रंश नसतो.

बी-12 कमी झालं तर हातापायांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो, विसरायला होतं. हे जीवनसत्त्व वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. त्यामुळे शाकाहारी आणि दूधही कमी घेणाऱ्या घरांत हा धोका जास्त. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन अनेक वर्षं घेणाऱ्यांमध्येही बी-12 घटू शकतं. थायरॉइडच्या त्रासानेही विसरायला होतं. दोन्ही रक्त तपासून कळतं आणि वेळेत उपचार झाले तर बरीच सुधारणा होऊ शकते. उशीर झाला तर काही इजा कायमची राहते.

मग करायचं काय?

लॅन्सेट आयोगाच्या 2024 च्या अहवालानुसार 14 कारणांवर आयुष्यभर काम केलं तर जगातले सुमारे 45 टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येऊ शकतात. त्या यादीत रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, दारू, कमी ऐकू येणं, व्यायामाचा अभाव आणि एकटेपणा आहे. चूर्णाची कमतरता मात्र नाही.

म्हणून आजोबा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारू लागले, तर "वय झालं" म्हणून सोडू नका. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब आणि साखर तपासून घ्या, बी-12 आणि थायरॉइडच्या तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारा. चालू असलेल्या गोळ्या चूर्णाच्या भरवशावर बंद करू नका. चूर्ण सुरू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

जवसाची चटणी? ती खुशाल खा. फक्त तिच्याकडून चटणीएवढीच अपेक्षा ठेवा.