वर्ध्याचा ठराव आणि मोबाइलचे कारखाने

विशेष प्रतिनिधी, वर्धा

भारत हा आज जगातील दुसऱ्या क्रमांकाचा मोबाइल उत्पादक देश आहे. तामिळनाडू, कर्नाटक आणि उत्तर प्रदेश ही राज्ये या शर्यतीत पुढे निघून गेली. महाराष्ट्राच्या वाट्याला मात्र आशा आणि अपेक्षाभंग दोन्ही आले. ऑगस्ट २०१५ मध्ये तैवानच्या फॉक्सकॉन कंपनीशी राज्याने पाच अब्ज डॉलरच्या गुंतवणुकीचा सामंजस्य करार केला. तो प्रकल्प उभा राहिला नाही. २०२२ मध्ये वेदान्त-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातकडे वळला आणि पुढच्याच वर्षी ती भागीदारीही मोडली. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने पुण्याजवळील रांजणगाव येथे सुमारे ४९२ कोटी रुपयांच्या इलेक्ट्रॉनिक्स उत्पादन संकुलाला मान्यता दिली, तेव्हा या जखमेवर थोडी फुंकर घातली गेली.

या साऱ्या वादात 'कारखाना कोणाकडे गेला' हा एकच प्रश्न गाजला. कारखान्यात काम करणाऱ्याला काय मिळणार, आणि ते मिळाले नाही तर त्याचा जाब कोणाला विचारायचा, हा प्रश्न राजकीय पक्षांनी फारसा विचारला नाही. वर्धा जिल्ह्याच्या दृष्टीने मात्र तो महत्त्वाचा आहे. देवळी, हिंगणघाट, आर्वी, कारंजा या भागांतून आयटीआय वा पदविका घेऊन बाहेर पडणाऱ्या तरुणाला आज नोकरीसाठी बहुधा पुण्याच्या औद्योगिक पट्ट्याकडेच पाहावे लागते. समृद्धी महामार्गामुळे उद्या असे उद्योग विदर्भात येतील, अशी आशाही दाखवली जाते. ते आले तर कोणत्या अटींवर, याचा विचार आजच व्हायला हवा. योगायोग असा, की माल विकत घेणाऱ्याने तो बनविणाऱ्याच्या मजुरीची जबाबदारी घ्यावी, हा विचार नव्वद वर्षांपूर्वी याच शहरात केवळ मांडला गेला नाही, तर अमलातही आणला गेला.

मगनवाडीतील प्रश्न

१९३४ च्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना होऊन जमनालाल बजाज यांनी दिलेल्या वर्ध्यातील मगनवाडीत त्याचे काम सुरू झाले. गांधीजी १९३५ मध्ये तेथेच राहत होते. खादीचे काम पाहणाऱ्या अखिल भारतीय चरखा संघाला तेव्हा दहा वर्षे झाली होती. खादी खपावी म्हणून तिची किंमत शक्य तेवढी कमी ठेवायची, असे धोरण होते. त्याचा परिणाम असा झाला, की खेड्यातील कातणारीला दिवसभराच्या कामाचे जेमतेम आणाभर पदरात पडे. शहरातल्या देशभक्त ग्राहकाचे सदरे स्वस्त राहावेत म्हणून सर्वांत गरीब बाई अर्धपोटी राहत होती. गांधीजींनी या विसंगतीवर बोट ठेवले. आठ तासांच्या कामाला आठ आणे मिळावेत, अशी त्यांची मूळ अपेक्षा होती.

ऑक्टोबर १९३५ मध्ये वर्धा येथे झालेल्या चरखा संघाच्या बैठकीत ठराव झाला. आठ तासांच्या कार्यक्षम कामाच्या हिशेबाने मजुरी ठरावी. ती शास्त्रीय दृष्ट्या आवश्यक असलेला किमान आहार आणि वर्षाला वीस वार कापड यांना पुरेल इतकी तरी असावी. आणि पुढे ती वाढत जाऊन कमावत्या माणसांच्या मिळकतीवर कुटुंब नीट चालावे, असे त्याचे सार होते. प्रत्यक्षात आठ आण्यांची मजल गाठता आली नाही. सुरुवात त्याहून बऱ्याच खालच्या दराने करावी लागली. पण मजुरी बाजारभावाने नव्हे, तर गरजेने ठरवायची, हे तत्त्व मान्य झाले. वर्ध्याजवळच्या नालवाडीत विनोबांनी स्वतः तासन्‌तास सूत कातून, त्या मजुरीत माणसाचे कितपत भागते हे आजमावून पाहिले होते.

या ठरावाची दोन अंगे आजच्या संदर्भात लक्षात घेण्याजोगी आहेत. पहिले असे, की वाढीव मजुरीचा भार कातणारी आणि ग्राहक यांच्या मधल्या कोणावर ढकलून दिला गेला नाही. खादीचा दर वाढला आणि तो ग्राहकाने सोसावा, असे उघडपणे सांगण्यात आले. खप घटेल अशी भीती कार्यकर्त्यांनीच व्यक्त केली होती; ती पत्करून निर्णय झाला. दुसरे असे, की संघाचे प्रमाणपत्र या मजुरीशी जोडले गेले. ठरलेली मजुरी न देणाऱ्याचा माल प्रमाणित खादी म्हणून विकता येणार नव्हता.

या व्यवहाराला तात्त्विक बैठक दिली ती ग्रामोद्योग संघाचे चिटणीस जे. सी. कुमारप्पा यांनी. १९३६ च्या 'व्हाय द व्हिलेज मूव्हमेंट?' या पुस्तकात त्यांनी कोकोच्या डब्याचे उदाहरण दिले. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील मळ्यांत वेठबिगारी असेल, जहाजांचा मार्ग युद्धांनी सुरक्षित केलेला असेल, कारखान्यात मजुरांची पिळवणूक होत असेल, तर तो डबा विकत घेणारा या साऱ्याचा भागीदार ठरतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. ज्या व्यवहाराच्या परिणामांची हमी आपण देऊ शकत नाही, तो व्यवहारच मर्यादित करावा, असा निष्कर्ष त्यांनी काढला. कोकोच्या जागी मोबाइल ठेवला, तर काँगोतील कोबाल्टच्या खाणींपासून जुळणीच्या कारखान्यापर्यंत हीच साखळी आज दिसते. त्या देशातून जगातील निम्म्याहून अधिक कोबाल्ट येते आणि तेथील हातखाणींतील बालमजुरीचे पुरावे वारंवार पुढे आले आहेत.

कागदावरची आचारसंहिता

इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाला हा प्रश्न अधिकृतपणे सुचायला २००४ साल उजाडावे लागले. त्या वर्षी आयबीएम, एचपी, डेल आणि त्यांच्यासाठी माल बनविणाऱ्या काही कंपन्यांनी पुरवठादारांसाठी समान आचारसंहिता तयार केली. या गटाला २०१७ पासून 'रिस्पॉन्सिबल बिझनेस अलायन्स' असे नाव आहे. आठवड्याला ओव्हरटाइमसह साठ तासांपेक्षा अधिक काम नको, सात दिवसांत एक सुटी, बालमजुरी नको, नोकरीसाठी कामगाराकडून दलाली घेऊ नये, असे तिचे नियम आहेत. २०१० मध्ये चीनमधील शेन्झेन येथे फॉक्सकॉनच्या कामगारांच्या आत्महत्यांची मालिका घडल्यानंतर बड्या कंपन्यांनी तपासण्या वाढविल्या, वार्षिक अहवाल अधिक तपशिलाने प्रसिद्ध होऊ लागले.

भारतात या व्यवस्थेची परीक्षा दोनदा झाली. १२ डिसेंबर २०२० रोजी कर्नाटकात कोलार जिल्ह्यातील नरसापूर येथे आयफोनची जुळणी करणाऱ्या विस्ट्रॉन कारखान्यात कामगारांच्या संतापाचा उद्रेक होऊन मोठी तोडफोड झाली. हिंसाचाराचे समर्थन कोणीही करणार नाही. पण त्यामागचे कारण चौकशीत बाहेर आले. अल्पावधीत कामगारसंख्या पाच हजारांवरून साडेदहा हजारांवर नेण्यात आली होती. त्यांतील बहुसंख्य कंत्राटदारांमार्फत आलेले होते. कामाच्या पाळ्या बारा तासांच्या झाल्या. त्यांची नोंद आणि वेतन यांचा हिशेब लागेनासा झाला. काहींना वेतन अपुरे वा उशिरा मिळाल्याचे कंपनीने मान्य करून माफी मागितली. ॲपलने सुधारणा होईपर्यंत नवे काम न देण्याचा निर्णय जाहीर केला.

वर्षभराने, डिसेंबर २०२१ मध्ये, चेन्नईजवळील श्रीपेरुंबुदूर येथे फॉक्सकॉनच्या महिला कामगारांच्या वसतिगृहात अन्नातून विषबाधा झाली. अडीचशेहून अधिक जणी आजारी पडल्या, दीडशेहून अधिक रुग्णालयात दाखल झाल्या. संतप्त कामगारांनी महामार्ग रोखला, तेव्हा हा प्रकार देशाला कळला. वसतिगृहे व भोजनगृहे अपेक्षित दर्जाची नसल्याचे ॲपलने मान्य केले.

दोन्ही ठिकाणी आचारसंहिता होती, तपासणीची यंत्रणा होती. तरीही तोडफोड आणि रस्ता रोको होईपर्यंत तिला जाग आली नाही. याचे कारण तपासनिसाच्या हलगर्जीत शोधणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. तपासणी काही दिवसांची असते आणि बहुधा कारखान्याच्या आवारात होते. कंत्राटदाराने भाड्याने घेतलेले वसतिगृह, तेथील स्वयंपाकघर, गावातून मुलींना आणणारा दलाल हे सारे त्या आवाराबाहेर असतात. तक्रार करणाऱ्या कंत्राटी कामगाराला दुसऱ्या दिवशी कामावरून कमी करता येते. २०२४ मध्ये श्रीपेरुंबुदूरच्याच सॅमसंग कारखान्यात महिनाभराहून अधिक चाललेला संप मुख्यतः कामगार संघटनेच्या मान्यतेसाठी होता, हे येथे विसरता येत नाही. रोज कारखान्यात असणारा तपासनीस म्हणजे संघटित कामगारच.

दर आणि मुदत

मूळ दुखणे त्याहून खोल आहे. पुरवठादाराला नियमांचे पुस्तक देणारी कंपनीच त्याच्या मालाचा दर ठरवते आणि मुदतही ठरवते. नवे मॉडेल बाजारात यायच्या तोंडावर मागणी दुप्पट होते, नंतर ओसरते. कमी नफ्यावर जगणारा जुळणीदार ही चढउतार कंत्राटदारावर ढकलतो आणि कंत्राटदार कामगारावर. वर्ध्याच्या ठरावाने नेमकी ही पळवाट बंद केली होती. तेथे नियम करणाऱ्याने दरही वाढवला. आजच्या आचारसंहितेत पुरवठादाराची कर्तव्ये पानेच्या पाने आहेत. खरेदीदाराने कोणता दर द्यावा, किती मुदत द्यावी, याबद्दल तिचा आवाज अगदी क्षीण होतो.

यावर उत्तर दिले जाते, की चीन आणि व्हिएतनामशी स्पर्धा असताना वेतनवाढ परवडणार नाही. हे उत्तर तपासून पाहण्यासारखे आहे. खादीच्या किमतीत मजुरीचा वाटा मोठा होता, त्यामुळे मजुरी वाढताच खादी महागणे अटळ होते. मोबाइलचे तसे नाही. अमेरिकी संशोधकांनी २०११ मध्ये आयफोन-४ च्या किमतीची फोड केली, तेव्हा चीनमधील मजुरीचा वाटा विक्री किमतीच्या दोन टक्क्यांहूनही कमी आणि ॲपलचा नफा ५८ टक्क्यांहून अधिक आढळला. तेव्हापासून आकडे बदलले असतील. प्रमाणाचा अर्थ बदललेला नाही. कातणारीला पोटभर अन्न मिळावे म्हणून खादीच्या ग्राहकाने जेवढा बोजा उचलला, त्याच्या तुलनेत आजच्या फोनच्या ग्राहकाला फारच थोडा उचलावा लागेल. तरीही ते होत नाही, याचा अर्थ अडचण परवडण्याची नसून, मधल्या नफ्याला हात कोणी लावायचा याची आहे.

राज्याची भूमिका

अशा वेळी कायद्याचा आधार लागतो. चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात लागू झाल्या. प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र, कंत्राटदाराने वेतन थकविल्यास मूळ मालकाची जबाबदारी, या तरतुदी नरसापूरसारख्या प्रसंगांवर उपाय ठरू शकतात. दुसरीकडे, महाराष्ट्र मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यांतील दैनंदिन कामाची मर्यादा नऊवरून बारा तास आणि तिमाहीतील ओव्हरटाइमची मर्यादा ११५ वरून १४४ तास करण्यास मंजुरी दिली. त्यासाठी कामगाराची लेखी संमती आवश्यक ठेवली आहे. परंतु ज्याची नोकरी कंत्राटदाराच्या मर्जीवर आहे, त्याच्या संमतीला किती अर्थ उरतो, हा प्रश्न आहे. नरसापूरला असंतोष वाढला तो बारा तासांच्या पाळ्यांनंतरच.

परदेशांतील चित्रही संमिश्र आहे. जर्मनीने २०२३ पासून मोठ्या कंपन्यांवर पुरवठा साखळीतील मानवी हक्कांची जबाबदारी कायद्याने टाकली. युरोपीय संघाने २०२४ मध्ये तसाच निर्देश काढला. पण उद्योगांच्या दबावानंतर त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली गेली. त्यामुळे बाहेरच्या कायद्यावर विसंबून राहणे शहाणपणाचे ठरणार नाही.

शासन स्वतः मोठे खरेदीदार आहे, हे मात्र आपल्या हातातले शस्त्र आहे. शाळांचे टॅबलेट, कार्यालयांचे संगणक, पोलिसांचे कॅमेरे यांची खरेदी सार्वजनिक पैशातून होते. खरेदीला सामाजिक अट जोडता येत नाही, असे नाही. सूक्ष्म व लघु उद्योगांकडून ठरावीक किमान खरेदी करण्याचे केंद्राचे धोरण २०१२ पासून आहे आणि आज तो वाटा २५ टक्के आहे. देशी उत्पादनाला प्राधान्य देणारा आदेश २०१७ चा आहे. माल कोणी बनवला आणि कोठे बनवला, हे शासन विचारतेच. तो कोणत्या वेतनावर बनवला, हेही निविदेत तितक्याच काटेकोरपणे विचारता येईल. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारताना तो दर कोणाच्या वेतनातून कमी झाला, याची छाननी व्हायला हवी.

गुंतवणुकीच्या करारांनाही हाच न्याय लावावा लागेल. जमीन, वीज, करसवलत देताना राज्याने कायम आणि कंत्राटी कामगारांचे प्रमाण, वसतिगृहांची तपासणी, वेतनाच्या नोंदी यांच्या अटी घालून त्या जाहीर कराव्यात. उद्योग पळून जाईल, ही भीती आहेच. १९३५ मध्ये खप पळून जाईल, अशी भीती होती.

मगनवाडीच्या आवारात आज केंद्र सरकारची ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था काम करते, शेजारी १९३८ चे मगन संग्रहालय उभे आहे. तेथे येणाऱ्या पाहुण्यांना चरखे दाखवले जातात. त्या चरख्यांवर कातणाऱ्या बाईचे पोट भरते का, हा हिशेब ज्या बैठकीत मांडला गेला, तो ठरावही शासनाच्या उद्योग आणि खरेदी खात्यांनी वाचायला हवा. रांजणगावला जाणाऱ्या वर्ध्याच्या तरुणाला त्याचा उपयोग अधिक आहे.