आधी अल्बम, मग सॉफ्टवेअर

तुळशीचं लग्न लागलं की आपल्यापैकी अनेकांना मे संपेपर्यंत उसंत नसते. म्हणून हा विषय आत्ताच काढतो. वाचकांच्या पत्रांत सर्वाधिक येणारा प्रश्न म्हणजे, ‘एडिटिंगसाठी कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?’ माझ्या मते त्याआधी दोन गोष्टी ठरायला हव्यात : फोटो शेवटी कुठे जाणार आणि एका कामात किती येणार.

बातमीसाठी फोटो काढणाऱ्याला मिनिटं मोजावी लागतात. रॉयटर्सने २०१५ मध्ये आपल्या मुक्त छायाचित्रकारांना कळवलं, की रॉवरून तयार केलेले फोटो नकोत, कॅमेऱ्यातच जेपेग म्हणून टिपलेले पाठवा. तिथे क्रॉप, थोडी उजेडाची दुरुस्ती आणि अचूक कॅप्शन, एवढंच काम.

लग्नाचं तसं नाही. दोन दिवसांत तीन-चार हजार फ्रेम सहज होतात आणि उजेड दर तासाला बदलतो. हळदीचंच घ्या. पिवळी साडी, हळदीने माखलेला चेहरा आणि वरून कार्यालयाचे एलईडी. लाल चॅनेल भरून वाहतो, निळा तळाला जातो आणि साडीच्या चुण्या सपाट होतात. जेपेगमध्ये प्रत्येक चॅनेलला २५६ पायऱ्या, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. हळद रॉमध्येच टिपावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. स्टेजवर रांगेने येणाऱ्या पाहुण्यांचे फोटो मात्र ठरलेल्या फ्लॅशवर जेपेगमध्ये काढले तरी चालतात.

एवढ्या ढिगात वेळ जातो तो निवडीत. रंगाला हात लावण्याआधी निवड संपवा. फोटो मेकॅनिकसारखी साधनं रॉ फाइलमध्ये आधीच असलेला जेपेग प्रिव्ह्यू दाखवतात, म्हणून फोटो झरझर पुढे सरकतात. मग उजेडानुसार गट पाडा, प्रत्येक गटातला एक फोटो नीट बसवा आणि तेच सेटिंग बाकीच्यांना लावा. फोटोशॉपमध्ये जायचं ते अल्बमच्या मोठ्या पानांवर येणाऱ्या मोजक्या फोटोंसाठी. लॅबला पाठवताना कलर प्रोफाइल आधी विचारून घ्या. अनेक ठिकाणी एसआरजीबीच लागतं.

आता कॅटलॉगविषयी. लाइटरूमच्या कॅटलॉगमध्ये फोटो नसतात, तुम्ही केलेल्या बदलांची नोंद असते. माझे फोटो दोन डिस्कवर होते, कॅटलॉग फक्त लॅपटॉपवर. लॅपटॉप बंद पडला. फोटो वाचले, दोन महिन्यांचं काम गेलं. तेव्हापासून बदल एक्सएमपी फाइलमध्येही लिहिले जातील, असं सेटिंग मी कायम चालू ठेवतो. मोफत मिळणारं डार्कटेबल तर मुळातच फोटोशेजारी अशी फाइल ठेवतं. दरमहा पैसे भरणं जड जात असेल, त्यांनी ते जरूर वापरून पाहावं, मात्र ऐन सीझनमध्ये शिकायला घेऊ नये.

सॉफ्टवेअर कायमचं नसतं, हेही ध्यानात ठेवा. ॲपलने २०१४ मध्ये ॲपर्चरचा विकास थांबवला, तेव्हा कित्येकांना आपली सारी लायब्ररी दुसरीकडे हलवावी लागली. म्हणून देऊन झालेल्या प्रत्येक कामाचे अंतिम जेपेग वेगळे साठवा.

पहिल्या मुहूर्ताआधी एक संध्याकाळ काढा. गेल्या वर्षीच्या एका लग्नाचं कार्ड निवडीपासून एक्सपोर्टपर्यंत नेऊन पाहा, घड्याळ लावून. आणि कॅटलॉगचा बॅकअप नुसता आहे म्हणून सोडून देऊ नका, दुसऱ्या संगणकावर उघडून बघा.